समोरची जागा

शेलूबाजारच्या हमरस्त्यावर, जीपवाल्यांच्या हाकांच्या पल्याड, रूपालीचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. बिघाडालाही पत्ता असतो, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची, आणि तो पत्ता तिला बहुतेक वेळा सापडायचाही.

दुकान उघडलं तशी विजयमाला आली. टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप तिने अलगद टेबलावर ठेवला.

"बाई, आज सांजच्याले माह्या पोरीची, निकिताची हळद हाय. याच्यात माही माय हाय, तुळसाबाई. जात्यावर गाते. आता ते नाही राह्यली. तिच्या गाण्यावरच हळद दळाची हाय, पण परवापासून लावलं का पडदा काळा पडते."

"मोबाईलवर नाही घेतलं?"

"घेतलं न. तिथंबी काळंच."

रूपालीने यंत्राची कुंडली, म्हणजे आतल्या भागांची यादी उघडली. "याच्यात चित्र काढाले दोन कार्डं हायेत, ताई. दोघीयले मेमरीतली एकच जागा पायजे. सवतीवानी भांडून राह्यल्या."

"मंग एकीले धाडा माहेरी!" विजयमाला हसली.

रूपालीने एक कार्ड बंद केलं. पडद्यावर ओळ आली : जागा दुसऱ्या उपकरणाने घेतली आहे. तिने दुसरंही बंद केलं. पुन्हा तीच ओळ. कॅमेरा बंद केला, वायफाय बंद केलं. ओळ हलेना. मग यादीच्या तळाशी तिला एक रकाना दिसला. नाव नाही, कंपनी नाही. फक्त धरून ठेवलेली जागा.

तिने तोही बंद केला.

पडदा विझला. पंख्याचा आवाज जड झाला, खोल गेला. घरर... घरर... प्रत्येक फेऱ्याला एक हलका हिसका. दगडावर दगड फिरावा तसा.

विजयमालाचं हसू विरलं. "हे त आमचं जातं हाय."

बाहेर जीपवाला मंगरूळपीर, मंगरूळपीर ओरडत होता. रूपालीचं बोट बटणावरच राहिलं.

"माय अन् तिची सई देवलामावशी समोरासमोर बसत," विजयमाला हळू बोलली. "एका खुंट्याले दोघींचे हात. मावशी मेली, तवापासून मायनं ते जागा कोनाले देल्ली नाही. पयली ओळ म्हणे, अन् दुसरीसाठी थांबे. थांबूनच राहे."

रूपालीने तो निनावी रकाना पुन्हा चालू केला. आजवर आड आलेलं ती हटवत आली होती. आज तिने दोन्ही कार्डं चालू करून त्यांना मेमरीत पलीकडे जागा करून दिली आणि ती एक जागा होती तशी राहू दिली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पडदा उजळला आणि व्हिडिओ सुरू झाला. हिरव्या बांगड्यांचा वाळका हात खुंट्यावर. समोर अंथरलेलं रिकामं पोतं.

*पयला माहा घास, जात्या तुले रे वाह्यला...*

ओळ थांबली. विजयमालाने मान खाली घातली. ती शांतता तिच्या ओळखीची होती.

त्या शांततेतून दुसरा आवाज आला. जाडसर, पिठाच्या धुरळ्यातून यावा तसा.

*गेल्या सईचा हात, खुंट्याले राह्यला.*

पडद्यावरच्या तुळसाबाईने मान वर केली आणि ती हसली.

"माय हसली नोती," विजयमाला पुटपुटली. "म्या कितीकदा पाह्यलं हे. हसली नोती."

संध्याकाळी हळदीला तिने रूपालीला ओढूनच नेलं. मांडवात जात्याशेजारी लॅपटॉप मांडला होता. निकिता खुंट्याला हात लावून बसली. समोर बसायला विजयमालाची भावजय रीता पदर खोचत पुढे आली.

"तिथं नका बसू," रूपालीच्या तोंडून गेलं.

"काहून व? पोरगी एकटी दळन का?"

"राहू द्या रिकामी."

विजयमालाने रीताचा हात धरून तिला मागे घेतलं.

निकिताने जातं ओढलं. "मामी, लय हलकं चालते व हे!"

लॅपटॉपवर तुळसाबाईची पहिली ओळ संपली. डोळ्यांवर आलेली बट सारायला निकिताने हात काढला.

जातं थांबलं नाही.

दुसरी ओळ होईतो त्याने सावकाश एक फेरा पुरा केला. मग खुंटा निकिताच्या पुढ्यात येऊन उभा राहिला, तिच्या हाताची वाट पाहत.