खोटे सत्तर किलो

"पाय ठेवा."

तो नुसता बघतच राहिला. ट्रॅकवर पळवायच्या गाडीसाठी ब्रेकचा मास्टर सिलिंडर घ्यायला आलेल्या माणसाला या मुलीने खुर्चीत बसवलं होतं आणि समोरच्या भिंतीला चक्क वजनकाटा टेकवून ठेवला होता.

"वजन माझं करणार की गाडीचं?"

"पायाच्या जोराचं. मोठा सिलिंडर घेतलात तर पेडल कडक राहतं, पण दाबायला जोर लागतो. लहान घेतलात तर थोडक्यात भागतं, पेडल मात्र खोल जातं. ट्रॅकवर दाबता तसंच दाबा."

बाबांनी दुकान हाती दिल्यापासून हा तिचा नियम होता, गिऱ्हाईक हसो नाहीतर रुसो. त्याने दाबलं. काटा सत्तरवर गेला, त्याचे कान लाल झाले. तिला कौतुक वाटलं... आणि खरं सांगायचं तर नुसत्या काट्याचं नाही. तिने बावीस मिलिमीटरचा मोठा सिलिंडर काढून दिला.

"परत यावं लागेल का?"

"नीट चालला तर नाही."

"मग जरा बिघडलेला द्या ना!"

ती हसली, आणि दिवसभर उगाचच हसत राहिली.

आठ दिवसांनी तो आला तो हनुवटीला पट्टी लावून. "पेडल दगडासारखं झालंय. वळणावर गाडी थांबेचना. वाळूत घुसलो."

आजवर तिचं माप कधी चुकलं नव्हतं. "माझ्यामुळे... तुम्हाला काही झालं असतं तर—"

"तुमच्यामुळे नाही हो." त्याने मान खाली घातली. "त्या दिवशी मी खुर्ची घट्ट धरून, दातओठ खाऊन दाबलं होतं. तुम्ही बघत होतात ना..."

सिलिंडरचा खोका त्याच्या डोक्यात घालावा असं तिला वाटलं. "शहाणेच आहात! जिवावर बेतलं असतं!"

"आधी पाणी दे त्याला," आतून बाबा ओरडले, "मग हवं तेवढं झाड!"

तिने पाणी दिलं. मग काटा पुन्हा भिंतीला लावला आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. "आता कोणी बघत नाहीये. दाबा."

मागून हळूच आवाज आला, "पंचेचाळीस."

"खरं?"

"तुमच्याशी आता खोटं बोलायची छाती नाही."

तिने एकोणीस मिलिमीटरचा सिलिंडर काढला, पण हातात दिला नाही. "हा मी बसवणार. आणि शर्यतीच्या आधी शेजारी बसून बघणार. गाडी थांबली तरच शर्यत."

रविवारी सकाळी रिकाम्या ट्रॅकवर तेच वळण समोरून धावत आलं. तिने डोळे मिटून त्याचं मनगट धरलं. त्याने ब्रेक दाबला... आणि गाडी वाळूच्या बरीच अलीकडे, शहाण्यासारखी थांबली.

"थांबली," तो म्हणाला. "आता हात सोडलात तरी चालेल."

तिने सोडला नाही.

"पंचेचाळीस म्हणजे जरा कमीच ना?" त्याने चाचरत विचारलं.

"मला पंचेचाळीसवालाच आवडतो," ती म्हणाली. "पण परत कधी सत्तरचा आव आणलास ना... तर बघ!"

तिने आपल्याला 'तू' म्हटलंय हे त्याच्या लक्षात यायला जरा वेळच लागला. तोवर त्याचा पाय ब्रेकवरच होता.