भावाचा बँड

ऐक ना गं, मध्ये बोलू नकोस, फक्त ऐक. भांडुपची संघमित्रा... पप्पा गेल्यावर तिने कॉलेज सोडलं आणि विक्रोळीला एका मेडिकलच्या काउंटरवर उभी राहिली, का तर धाकट्या प्रबुद्धची बारावी नीट व्हावी म्हणून. त्याच्या क्लासने पोरांना मनगटावर घालायला एकेक बँड दिला. पोराला टेन्शन आलं, छाती धडधडली, की आईच्या मोबाइलवर लाल खूण. आणि आई ती आईच, खूण दिसली की भर क्लासमध्ये फोन, "बाळा, काय होतंय रे?" पोरं हसायची.

"ताई, वाट लागलीय यार माझी. तू घाल ना. तुला कुठे टेन्शन असतं?"

संघाने घातला. बाहीखाली लपवून.

मग रोज संध्याकाळी, ती घरी आली आणि प्रबुद्धने पुस्तकं उघडली, की लाल. आई त्याच्या डोक्याला तेल लावायची, टीव्ही बंद करायची. "संघा, भांडी आपटू नकोस गं, त्याला त्रास होतोय." आणि ज्या जिवाला तो त्रास होता, तो ओट्यापाशी मुकाट भांडी घासत होता... माया सगळी दोन पावलांवर, दुसऱ्याच्याच डोक्यावर झिरपत होती.

रविवारी आई शकुमावशीशी फोनवर बोलत होती, संघा मागे ओट्यापाशीच भांडी घासत होती. "माझं आता आहे कोण? एक प्रबुद्ध तेवढा." तेवढ्यात कानाशीच मोबाइल थरथरला. लाल. प्रबुद्ध तर समोर बसून पोह्यातले शेंगदाणे वेचत होता, मजेत. मनगट मोकळं.

"बँड कुठाय रे?"

त्याने घास गिळला. "ताईकडे. पहिल्या आठवड्यापासून."

आईने फोन तसाच ठेवला, मावशी तिकडून हॅलो हॅलो करत राहिली. ओट्यापाशी जाऊन तिने संघाची बाही वर सरकवली.

"काय होतंय तुला?"

"काही नाही."

मोबाइल पुन्हा थरथरला. दोघींनीही ऐकला.

आई तिथेच फरशीवर बसली, संघाचा ओला हात गालाशी धरून. "मला वाटायचं, तू खंबीर आहेस... मी तुला कधी विचारलंच नाही गं, पोरी."

संघा इतक्या दिवसांचं रडली.

मग आईनेच डोळे पुसले. "तूच घाल हा. निदान मला कळेल तरी."

संघाने पट्टा सोडवला आणि बँड हातात धरून नुसती उभी राहिली. काढून टाकला, तर आई आपणहून पुन्हा विचारेल का? आणि घातला, तर आई तिच्याकडे बघेल की मोबाइलकडे?

सांग ना, तू असतीस तर काय केलं असतंस?