काचेच्या समुद्रातले केसाळ आरोपी

“काका, थांबा! ओतू नका!”

क्षितिजा ओरडली आणि जितेंद्रकाकांच्या हातातली निळ्या औषधाची बाटली टाकीवर तशीच अडली.

२००४ सालची मे महिन्याची सुट्टी. क्षितिजा पुण्याहून वसईला काकांकडे आली होती. हॉलमधली खाऱ्या पाण्याची टाकी म्हणजे काकांचा जीव की प्राण! पण आज सकाळी त्यातला पिवळा मासा मेलेला सापडला आणि त्याच्यावर चार-पाच गुलाबी, केसाळ किडे ताव मारत होते.

“खुनी आहेत ते!” काका गरजले. “दुकानदार म्हणाला, एवढं ओता, सगळे किडे खलास!”

“सगळेच खलास होतील! इथे बारीक अक्षरांत लिहिलंय, कोळंबी किंवा तारामासा असेल तर वापरू नये.”

काकांनी चष्मा शोधला. तो कपाळावरच होता! वाचून त्यांचा चेहरा उतरला. “मग काय किड्यांना ओवाळू? पाच वाजेपर्यंत दुसरा उपाय सांग. नाहीतर मी ओतणार!”

क्षितिजा टाकीकडे वळली. लाल पट्ट्यांच्या कोळंबीनं कालच तिचं नख कोरून स्वच्छ करून दिलं होतं!

तिचा चुलतभाऊ संकेत धावत जाऊन वर्गातल्या जागृतीला घेऊन आला. जागृतीचं गाव खाडीला लागून. तिनं काचेला नाक चिकटवलं.

“हे तर आमच्या चिखलात ढिगानं असतात! बाबा गळाला लावतात. पण हे जिवंत मासा कसले धरतायत? मेलेलं, कुजलेलं खातात.”

“पुरावा पाहिजे,” क्षितिजा म्हणाली. “एरवी ते अंधारातच बाहेर येतात ना?”

“मग अंधार करू या!” संकेतनं भलीमोठी गोधडी आणली. भर दुपारी, मेच्या उकाड्यात, तिघं गोधडी पांघरून टाकीला चिकटून बसली. किड्यांना उजेड जाणवू नये म्हणून बॅटरीवर लाल जिलेटीनचा कागद लावला होता.

“माझा आमरस होतोय,” संकेत कुजबुजला.

“श्शू! आले बघ!”

दगडाखालून एकेक किडा सरपटत निघाला. झोपलेल्या माशाच्या शेपटीशेजारून गेला, पण त्याला शिवलासुद्धा नाही! सगळे निघाले कोपऱ्यात. तिथे माशांच्या खाण्याचा ओलाचिंब ढीग साचला होता.

“बापरे! म्हनून पानी खराब झालंय!” जागृतीच्या तोंडून घरची बोली निसटली. “पण एवढं खाणं टाकतंय कोण?”

तेवढ्यात गोधडीची कड सरकली, टाकीचं झाकण वर झालं आणि मूठभर खाणं पाण्यात पडलं.

“खा रे बाळांनो! या घरात तुमची काळजी फक्त मलाच!”

संकेतनं गोधडी भिरकावली. “आजोबा!”

शांताराम आजोबा दचकून सोफ्यावर बसले. इतक्यात सुनंदाकाकू डबा हलवत आल्या. “मासे उपाशी असतील, दोन दाणे...” मुलांना पाहून डबा पाठीमागे गेला. आवाज ऐकून काकाही आले; ते तर सकाळी टाकतच होते!

“म्हणजे तिघंही जेवण वाढताय!” क्षितिजा म्हणाली. “उरलेलं कुजलं, पाणी बिघडलं, मासा मेला. किडे तर नंतर आले!”

“काहीतरीच!” काकांनी पाण्यात हात घालून एक किडा चिमटीत पकडला. “एवढासा तर... आई गं!”

बोटांत किड्याच्या केसांचे बारीक काटेच काटे! जागृतीनं चिकटपट्टी लावून ती हळूच उपटली. काटे निघाले, काकांचा तोराही निघाला.

संकेतनं एका रिकाम्या बाटलीच्या झाकणाला भोकं पाडली, आत बोंबलाचा तुकडा टाकला आणि बाटली तळाशी आडवी ठेवून टाकी पुन्हा झाकली. पाच वाजायच्या आत बाटलीत तेवीस किडे अडकले!

“बाकीचे राहू द्या,” जागृती म्हणाली. “उरलंसुरलं तेच साफ करतात.”

मुलांनी काकांकडून कुजका ढीग उपसून घेतला, थोडं पाणी बदलायला लावलं. खाण्याचा डबा संकेतच्या ताब्यात आला. आठवड्याभरात पाणी नितळ झालं, मासे पुन्हा हुंदडू लागले. तपासायला ठेवलेली सापळ्याची बाटली रिकामीच निघू लागली.

“आम्ही तिघं मोठे, पण डोळे उघडे होते ते तुमचे! शाब्बास!” आजोबा म्हणाले.

काकांनी निळी बाटली दुकानदाराला परत केली. त्यानं विचारलं, “औषधाशिवाय जमलं? कुठल्या तज्ज्ञांना बोलावलंत?”

“तिघं आहेत,” काका छाती फुगवून म्हणाले. “सध्या आंबे खाण्यात गुंतलेत. भेटायचं तर त्यांचे हात धुऊन झाल्यावर या!”