अननसाचा पाव्हे

"यंदा भात आणू नकोस, जुरेमा. पाव्हे आण. अननसाचा."

फोन दोना लेओनील्दांचा होता, धाकट्या बहिणीच्या सासूबाईंचा. जुरेमाच्या दुसऱ्या हातात कपडे वाळत घालायचे चिमटे होते, ते सगळे अंगणभर सांडले. नऊ वर्षं... मोजून आठ नाताळं त्या म्हातारीनं जुरेमाच्या हातचं गोड आपल्या टेबलावर येऊ दिलं नव्हतं, आणि आज तीच आपल्या तोंडानं बिस्किट-मलईच्या थरांचा पाव्हे मागत होती, आणि तोही अननसाचा!

"दोना लेओनील्दा, तुम्ही... मलाच सांगताय ना?" तिनं चाचरत विचारलं.

"मग काय पाद्रीबाबांना सांगतेय? ऐंशीची झाले, पण नंबर अजून बरोबर लावते. पंचवीस तारखेला, बारा वाजता. उशीर करू नकोस, भाजलेलं मांस गार होतं." आणि फोन बंद.

जुरेमा तशीच उन्हात उभी राहिली. मग एकटीच हसली, मग तिनं एप्रनचं टोक डोळ्यांना लावलं, मग पुन्हा हसली. पंचावन्न वर्षांची बाई, गुडघे बोलायला लागलेले, पण काळीज असं काही धडधडत होतं की विचारू नका. तिच्या वेड्या आशेचं नाव एकच होतं... इवानी.

आई गेली तेव्हा इवानी चार वर्षांची होती आणि जुरेमा एकवीस. त्याच वर्षी अगेनोर तिला मागणी घालायला आला होता. 'पोरीला मावशीकडे ठेव आणि चल' म्हणाला. जुरेमानं त्याला दारातूनच परत पाठवलं, आणि त्या रात्रीपासून धाकटीला कुशीत घेऊन झोपू लागली. वेण्या घातल्या, शाळेत घातलं, नर्स केलं. ब्राझीलमधल्या मिनासच्या त्या कॉफीच्या डोंगरातल्या गावात लोक इवानीला 'जुरेमाची मुलगी'च म्हणायचे, आणि जुरेमा कधी ते दुरुस्त करायची नाही.

मग इवानीच्या आयुष्यात वाल्देसीर आला. सालस मुलगा, पण त्याची आई म्हणजे दोना लेओनील्दा... त्यांच्या होकाराशिवाय त्या घरात मांजरही आत यायचं नाही! पहिल्या नाताळच्या जेवणाला दोघी बहिणींना बोलावणं आलं. कॉफी झाल्यावर लग्नाची तारीख सांगायची, असं ठरलेलं. आदल्या दिवशी जुरेमा चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेली होती, तेवढ्या वेळात इवानीनं जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं पाव्हे केला. ताईला चकित करायचं म्हणून. बिस्किटांचे थर नीट लावले, साय नीट फेटली, आणि अननस... तो शिजवायला वेळ कुठे होता? कच्चाच चिरून घातला.

कच्चा अननस आणि दूध एका भांड्यात रात्रभर ठेवले की काय होतं, हे त्या गावात लहान पोरालाही माहीत असतं. फक्त इवानीला माहीत नव्हतं. टेबलावर भांडं आलं तेव्हा तळाला पाणी सुटलं होतं, आणि पहिला चमचा तोंडात जाताच वाल्देसीरच्या थोरल्या भावानं, ओदाइरनं, असं तोंड केलं की सगळ्यांचे चमचे हवेतच थांबले. कडू! कडूजहर!

"कुणी केलाय हा?" दोना लेओनील्दांनी चमचा खाली ठेवत विचारलं.

इवानीचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. जुरेमाला त्या एका क्षणात चार वर्षांची पोर दिसली, आईच्या शवपेटीशी उभी असलेली... आणि तिच्या तोंडून शब्द निघूनही गेले.

"मी. मीच केला. माझं लक्ष नव्हतं."

इवानीनं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. लग्नाची तारीख ठरली. सगळं छान पार पडलं.

मग गाव बोलू लागलं. थोरलीला बघवलं नाही, स्वतःचं लग्न झालं नाही ना, म्हणून धाकटीच्या ताटात विष कालवायला निघाली होती! जुरेमानं ते ऐकून घेतलं. दर नाताळला तिला निरोप यायचा, 'फक्त भात आण', आणि ती मनुका घातलेला भात मुकाट्यानं न्यायची. ते सगळं सोसवण्यासारखं होतं. न सोसवणारं एकच होतं... इवानी येईनाशी झाली. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी बहीण नऊ वर्षांत दोनदा आली, तीही उंबऱ्यावर उभी राहून, घड्याळ बघत. जिच्यासाठी आपण खोटं बोललो, तिला आपला चेहरा दिसला की तेच खोटं आठवतं, हे जुरेमाला कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, आपल्या लाडक्या पोरीला आपली लाज वाटते.

म्हणून हा पाव्हे! हा एक जमला, की नाव धुऊन निघेल आणि इवानी मान वर करून तिच्याकडे बघेल. बाकी काही नको होतं तिला.

तेविसाला तिनं मंडईत अकरा अननस हुंगले. विकणारा म्हणाला, "बाई, घ्यायचाय की लग्न करायचंय त्याच्याशी?" "तू गप्प रे," म्हणाली आणि बारावा उचलला. चोविसाला सकाळी सात वाजताच गॅस पेटला. अननस साखरेत टाकून मंद आचेवर ठेवला, हलवत राहिली, हलवत राहिली, फोडी काचेसारख्या पारदर्शक होईपर्यंत. मग आटवलेलं गोड दूध, अंड्याचे पिवळे बलक, थोडं कॉर्नफ्लोअर, आणि एकाच दिशेनं चमचा. बिस्किट दुधात बुडवताना ती मोठ्यानं मोजत होती, "एक, दोन, बाहेर... एक, दोन, बाहेर..." तीन म्हटलं की लगदा होतो ना! बिस्किटांचा थर, पिवळ्या मलईचा थर, अननसाचा थर, पुन्हा बिस्किटं. काचेच्या भांड्याच्या बाजूनं ती वाकून वाकून बघत होती, थर सरळ आलेत ना, कुठे ढळले तर नाहीत? वर पांढरी साय पसरली तेव्हा तिला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की तिनं स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. फ्रिजमधून तिनं राजमा काढला, भाजी काढली, अंडी काढली, सगळ्यांना खिडकीत हलवलं, आणि पाव्हेला सबंध कप्पा दिला. दुपारपर्यंत तिनं फ्रिजचं दार वीस वेळा तरी उघडलं असेल.

"गार हो रे बाबा," ती त्याला सांगत होती, "नीट बस. माझी लाज तुझ्या हातात आहे."

पंचविसाला दोना लेओनील्दांच्या अंगणात आंब्याखाली टेबलं जोडली होती. जुरेमा टॉवेलात गुंडाळलेलं भांडं छातीशी धरून आली, तसा ओदाइर नेहमीप्रमाणे ओरडला, "काय जुरेमा, यंदा औषध आणलंस?" सगळे हसले. दरवर्षी हसायचे, यंदाही हसले. इवानी दूर कोशिंबीर कालवत होती, तिनं मान वर केली नाही.

जेवण झालं. भांडं टेबलावर आलं. दोना लेओनील्दांनी स्वतः पहिला चमचा घेतला, डोळे मिटले, आणि काही न बोलता दुसरा घेतला. झालं! मग काय झुंबड उडाली म्हणता... चमचे कोपऱ्यापर्यंत पोचले, काच खरवडली जाऊ लागली, वाल्देसीर बशी चाटताना पकडला गेला. जुरेमा मनाशी म्हणत राहिली, जमलं... देवा, जमलं!

आणि मग ओदाइर, तिसऱ्यांदा वाढून घेता घेता, अगदी साध्या मनानं म्हणाला, "म्हणजे तुला येत होतं की गं! मग त्या वर्षी काय... मुद्दाम केलंस?"

वाल्देसीरनं बशी खाली ठेवली.

हे जुरेमाच्या लक्षातच आलं नव्हतं. एवढे दिवस नाचत होती, पण हे एकदाही मनात आलं नव्हतं, की पाव्हे बिघडला असता तर ती फक्त वेंधळी ठरली असती, आणि आता तो इतका सुंदर जमला म्हणून ती दुष्ट ठरत होती. स्वतःच्या हातानं तिनं स्वतःविरुद्ध साक्ष दिली होती. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे होते. 'तेव्हा माझं लक्ष नव्हतं' हे जुनंच वाक्य ती पुन्हा जुळवू लागली.

"चला, भेटींचा खेळ सुरू करा," दोना लेओनील्दा एकदम म्हणाल्या.

महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांनी चिठ्ठ्या उचलल्या होत्या. ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी भेट आणायची, आणि देण्याआधी नाव न घेता त्या माणसाचं वर्णन करायचं. बाकीच्यांनी ओळखायचं. सुरुवात वाल्देसीरची होती, पण त्याच्या आधी इवानी उठली. तिच्या हातात लाल कागदाचं पुडकं होतं.

"माझ्या चिठ्ठीत एक बाई आहे," ती म्हणाली.

"जाड की बारीक?" ओदाइरनं विचारलं. थोडं हसू फुटलं. सगळ्यांना तेच हवं होतं.

"ती... ती दुसऱ्याची चूक आपल्या ताटात वाढून घेते. आणि खाते. आणि पुन्हा वर, छान आहे म्हणते."

"सगळं सोसणारी संत रीता!" कुणीतरी म्हणालं.

"नऊ वर्षांपूर्वी एका मुलीनं पाव्हे केला," इवानी बोलत राहिली, "अननस कच्चा घातला. माझ्या... त्या मुलीच्या बहिणीनं त्या भांड्याला हातही लावला नव्हता. ती तालमीला गेली होती. पण विचारलं तेव्हा ती म्हणाली, मी केला. आणि ती मुलगी गप्प बसली. लग्न करून बसली. नऊ वर्षं बसली."

कुणी नाव ओळखलं नाही, कारण ओळखायचं काही उरलंच नव्हतं. जुरेमाच ताडकन उठली.

"खोटं बोलतेय ही. मीच केला होता. उन्हानं डोकं फिरलंय हिचं, पाणी द्या कुणीतरी."

"खाली बस, जुरेमा," दोना लेओनील्दा म्हणाल्या. "एकदा खोटं बोललीस तेवढं पुरे. चर्चच्या जत्रेत वीस वर्षं गोड करणारी बाई दुधात कच्चा अननस घालेल? मला पहिल्या चमच्यालाच कळलं होतं."

"तुम्हाला... माहीत होतं?"

"ही पोरगी स्वतः बोलेल म्हणून थांबले. थांबता थांबता ऐंशीची झाले. यंदा म्हटलं, आता आपणच ढवळावं."

आणि मग जुरेमाला राग आला. चौतीस वर्षांत कधी न आलेला, सगळा एकदम आला.

"नऊ वर्षं तुम्हाला माहीत होतं, आणि नऊ वर्षं मी मनुकांचा भात आणत होते? कुणी खातही नव्हतं तो! मनुका वेचून बशीच्या कडेला लावायचात सगळे, मला दिसत नव्हतं का? गावात मला काय काय म्हणतात, ते तुमच्या कानावर येत नव्हतं? तुम्ही वाट बघत होतात... आणि माझी बहीण दूर जात होती माझ्यापासून, ते कोण बघत होतं?"

असं त्या घरात दोना लेओनील्दांशी कुणी कधी बोललं नव्हतं. म्हातारीनं टेबलक्लॉथवरची सुरकुती हातानं सरळ केली. "चुकलं माझं," ती शेवटी म्हणाली. तिच्या मुलांनीही हा शब्द तिच्या तोंडून प्रथमच ऐकला.

इवानी जुरेमाच्या पायाशी बसली होती, पुडकं कुठेतरी पडलं होतं. "ताई, तुझ्या दारात आले ना, की पाय अडायचे. रोज वाटायचं उद्या सांगू, उद्या सांगू... तू एकदा तरी रागवायचंस गं. एकदा कान धरायचास. तू हसून कॉफी विचारायचीस, आणि मला मरावंसं वाटायचं."

जुरेमानं तिच्या केसांत हात घातला. तीच पोर, तेच केस... आणि त्या क्षणी तिला असं काही उमगलं की तिचा राग स्वतःवरच उलटला.

"मी तुला बोलूच दिलं नाही," ती हळूच म्हणाली. "तू तोंड उघडायच्या आत मी बोलून मोकळी झाले. कायम तसंच केलं मी. कधी चमचा दिला तुझ्या हातात? 'सर बाजूला, भाजशील, मी करते.' अननस शिजवायचा असतो, हे तुला कोण सांगणार होतं? माझ्याशिवाय होतं कोण तुला?"

"मग आता सांग," इवानी नाक पुसत म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ताच. भांडं तर रिकामं झालंय."

टेबलाच्या मधोमध सजावटीला ठेवलेला अननस ओदाइरनं कुणी न सांगता उचलून आत नेला आणि ठेवून बाहेर आला. जाताना "जुरेमा, मला..." एवढंच म्हणाला, पुढचं त्याला जमलं नाही. जुरेमानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

स्वयंपाकघरात इवानी चुलीसमोर उभी राहिली, आणि जुरेमा शेजारच्या स्टुलावर बसली. फोडी वेड्यावाकड्या झाल्या होत्या, काही अंगठ्याएवढ्या, काही नखाएवढ्या. साखर उडत होती. आच मोठी होती, फार मोठी... चमचा कडेला पोचत नव्हता, तिथे एक फोड चिकटून काळी पडायला लागली होती. जुरेमाचं अंग अंग उठू बघत होतं. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"आच कमी करू का गं?" इवानीनं आपणहूनच विचारलं, आणि केली. काळी फोड खरवडून काढली. बोट भाजलं, ते तोंडात घातलं, आणि पुन्हा हलवू लागली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते, आणि चेहऱ्यावर, इतक्या वर्षांनी, ताईकडे बघायची भीती नव्हती.

"ताई, झाला का? बघतेस?"

"मी नाही बघणार," जुरेमा म्हणाली. "तूच चाखून बघ."

इवानीनं फुंकर घातली, एक फोड जिभेवर ठेवली आणि बराच विचार केला. "अजून थोडा हवा," ती म्हणाली.

हवाच होता. जुरेमाला वासावरून केव्हाच कळलं होतं. पण ती एक शब्द बोलली नाही, बसून राहिली.