सात ठोक्यांची होडी

गावात धुकं पडलं की सगळ्यांची कामं थांबायची आणि काकूंचं काम सुरू व्हायचं. त्यामुळे धुक्याच्या दिवशी काकूंचा भाव चांगलाच वधारायचा. एरवी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघणारा बर्फाच्या कारखान्याचा मुकादम त्या दिवशी स्वतःच्या हाताने चहा आणून द्यायचा, आणि काकूही 'साखर जरा कमीच आहे हो' असं म्हणून तो पिऊन टाकायच्या.

गाव तसं मुठीत मावेल एवढं. तळ्याच्या काठाने जाणारा एकच रस्ता, एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला काकूंच्या नवऱ्याची पिठाची गिरणी आणि मध्ये होड्यांचा धक्का. तळं मात्र अवाढव्य. पलीकडचा काठ दिसायचा तो लख्ख ऊन असेल तरच. मोटारींचा रस्ता त्या पलीकडच्या काठाने गेलेला, त्यामुळे गावात येणारा प्रत्येक माणूस, प्रत्येक पोतं आणि प्रत्येक पत्र होडीत बसूनच यायचं. उत्तरेला सांडवा होता. तळं भरलं की जादा पाणी त्या भिंतीवरून तीस हात खाली दगडांत कोसळायचं. त्याचा घोंघाट लोकांच्या इतका अंगवळणी पडला होता की उन्हाळ्यात तो बंद झाला की म्हाताऱ्यांना झोप लागायची नाही.

धक्क्यावरच्या खांबाला लोखंडी रुळाचा हातभर तुकडा टांगला होता. गाव त्याला घंटा म्हणायचं. धुकं उतरलं की काकू हातोडीने एक लांब टोला द्यायच्या आणि कान देऊन उभ्या राहायच्या. मग पाण्यातून होड्या उत्तर द्यायच्या. नावाडी वल्ह्याच्या दांड्याने होडीच्या काठावर ठोके मारायचा. प्रत्येक होडीचे ठोके ठरलेले, कुणाचे दोन, कुणाचे पाच. काकू तेवढेच टोले परत द्यायच्या. म्हणजे तुझा आवाज पोचला, तुझी जागा धरून ठेवली आहे, असाच ये. एकदा असं उत्तर दिलं की ती होडी काठाला लागेपर्यंत घंटेवालीने जागचं हलायचं नाही, मग घरी चूल पेटलेली असो की पाहुणे आलेले असोत.

हा नियम पूर्वी एवढा कडक नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी घंटा काकूंच्या सासऱ्यांकडे होती. एका धुक्याच्या दुपारी, सगळ्या होड्या आल्या असं समजून ते जेवायला घरी गेले. सात ठोक्यांची होडी तेवढी यायची होती. तिच्यात नावाडी धरून पाच माणसं होती. सांडव्याखाली ना फळी सापडली, ना माणूस. पुढे गावात नवी होडी आली की सहानंतर तिला एकदम आठ ठोके द्यायचे, अशी रीतच पडली.

सासऱ्यांनी घंटा काकूंच्या हाती दिली तेव्हा एकच गोष्ट बजावली होती. धुक्यात कधीमधी सात ऐकू येतील. मला दर वेळी येतात. ऐकायचं आणि गप्प बसायचं. उत्तर दिलं म्हणजे जागा दिली, आणि जागा दिली की येणाऱ्याला अडवता येत नाही. काकूंनी मान डोलावली होती. म्हाताऱ्याच्या मनाला ते लागून राहिलंय, एवढंच त्या समजल्या. पंधरा वर्षांत त्यांना सात काही ऐकू आले नव्हते.

तर त्या दिवशी काकू जाम खुशीत होत्या. त्यांची धाकटी लेक तीन महिन्यांचं बाळ घेऊन पहिल्यांदाच माहेरी येत होती, बरोबर जावईही होता. पाळणा झाडून-पुसून झाला होता. नवरा तर गिरणी बंद ठेवून दाढी करून बसला होता, आणि काकूंनी त्याला 'बाळाला तुझी दाढी काय कळणार' म्हणून दोनदा चिडवलंही होतं. दहाच्या सुमाराला धुकं उतरलं, तरी काकूंचा चेहरा उतरला नाही. उलट, लेकीला आपणच टोले देऊन घरी आणणार, या कल्पनेनंच त्यांना उकळ्या फुटत होत्या.

पाच होड्या पाण्यात होत्या. साडेअकरापर्यंत चार आल्या. राहिली तीन ठोक्यांची. हीच माणसांची ने-आण करणारी होडी, आणि लेक तिच्यातच होती.

धक्क्यावर आता फक्त बारीक मावशी उरल्या होत्या. मावशी काकूंच्या शेजारणी. चौसष्ट वर्षांच्या, काडीसारख्या, पण जाळी विणण्यात त्यांचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. धुकं पडलं की त्या आपलं जाळं घेऊन घंटेशेजारच्या बाकावर येऊन बसायच्या. का बसतात हे गावाला ठाऊक होतं, म्हणून कुणी विचारायचं नाही. सातच्या होडीचा नावाडी मावशींचा नवरा होता. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

काकूंनी टोला दिला. धुकं आता इतकं दाटलं होतं की धक्क्याची शेवटची फळीसुद्धा दिसेना. ओल्या लाकडाचा आणि शेवाळाचा वास नाकात बसला होता. काही वेळ काहीच आलं नाही. मग अगदी दूर, डाव्या हाताला, ठोके पडले. एक, दोन, तीन.

डावीकडे म्हणजे सांडव्याकडे. त्यांनी तीन टोले दिले, पुन्हा दिले, खांदा दुखेपर्यंत दिले. पलीकडून तीन ठोके आले ते आणखी डावीकडून आणि आणखी बारीक. काकूंना उमगलं ते असं: सांडव्याच्या घोंघाटात होडीतल्या माणसांना घंटा ऐकूच जात नव्हती. वाट चुकलेला नावाडी आपले ठोके मारत होता आणि उत्तर येत नाही म्हणून वल्हवतच चालला होता. दुसरी होडी पाठवावी तर ती त्यांना शोधणार कशी आणि स्वतः परतणार कशी?

तेवढ्यात जवळून ठोके आले. धक्का आणि सांडवा यांच्या बरोबर मधून. सावकाश, बिनघाईचे, मुरलेल्या हाताचे. काकूंनी मोजले. सहावर थांबतील म्हणून वाट पाहिली. थांबले नाहीत.

बाकावर मावशींची सुई थांबली. त्यांनी मान वर केली नाही. "तोच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "शेवटचा ठोका जरा लांबवायची सवय होती त्याला..."

पुन्हा सात आले. आणि या खेपेला, ते संपता संपता, त्यांच्या मागोमाग तीन आले. तीनच्या नावाड्याने सात ऐकले होते! घंटा त्याच्यापर्यंत पोचत नव्हती, पण हे ठोके पोचत होते. काकूंच्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. सात जिकडे जाईल तिकडे तीन जाणार. आणि उत्तर मिळालं नाही तर सात कुठे जाणार, ते चाळीस वर्षांपूर्वी गावाने पाहिलंच होतं.

सासऱ्यांचे शब्द कानात वाजत होते. जागा दिली की अडवता येत नाही. मावशी उठून खांबापाशी आल्या. त्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता.

"माझ्यासाठी देऊ नकोस," त्या म्हणाल्या. "मी काही मागितलं नाही कधी. तुझ्या लेकीसाठी द्यायचे तर दे."

काकूंनी हातोडी दोन्ही हातांनी धरली आणि सात टोले दिले.

सांडव्याचा घोंघाट तसाच होता, पण तळं मात्र एकदम गप्प झालं. पाणी फळ्यांना लागेना. मग सात ठोके आले, आणि ते धक्क्याकडे वळलेले होते. त्यांच्या मागे तीन. काकूंनी पुन्हा सात दिले. असं किती वेळ चाललं कोण जाणे. दर वेळी सात जवळ आले आणि दर वेळी मागचे तीन मोठे झाले. शेवटचे सात तर हातभर अंतरावर वाजले, धक्क्याच्या पायरीशी. काकूंनी डोळे गच्च मिटून घेतले. वल्हं आत ओढल्याचा आवाज झाला. फळी कुरकुरली, एकदा, मग पुन्हा, अशी पाच वेळा. गार हवेचा झोत अंगावरून गेला, त्याला गाळाचा वास होता. शेजारी मावशी उभ्या होत्या, त्यांचा हात काकूंच्या दंडावर होता. तो हात अलगद सुटला.

काकूंनी डोळे उघडले तेव्हा धुक्यातून तीनची होडी पुढे येत होती, आणि लेक होडीत उभी राहून "आई!" म्हणून हाका मारत होती. काकूंच्या जिवात जीव आला. बाळ तर गाढ झोपलं होतं. काकूंनी त्याला छातीशी धरलं आणि भर धक्क्यावर मोठ्यानं रडून घेतलं, कसली लाज न बाळगता.

तीनचा नावाडी घामाने भिजला होता. म्हणाला, घंटा काही केल्या ऐकू येईना, पुढे ती होडी होती म्हणून वाचलो. तिच्या मागे मागे आलो. हाका मारल्या, पण कुणी वळून बघितलं नाही. पाच जण होते, नवखी वाटली माणसं. कुठे बांधलीय त्यांनी होडी? धक्क्याला तीनची आणि आधी आलेल्या चार सोडल्या तर एकही होडी नव्हती. काकू म्हणाल्या, असेल पुढे गेली. बाकावर मावशींचं जाळं तसंच पडलं होतं, सुईसकट.

घरी मग काय विचारता! बाळाने आजोबांच्या गुळगुळीत गालाला हात लावला, तर आजोबा सगळ्यांना पुन्हा पुन्हा तेच सांगत सुटले. जावई पोटभर जेवून आडवा झाला. लेक आईच्या मांडीवर डोकं ठेवून बोलत राहिली. दुपारचं काकूंनी कुणाला काही सांगितलं नाही. माझी माणसं माझ्या घरात आहेत, त्या मनाशी म्हणत होत्या, मला अजून काय हवंय. आणि ते खरंच होतं. त्या दिवसाइतक्या सुखात काकू कधीच नव्हत्या.

दिवेलागणीला दारावर टकटक झाली. बारीक मावशी उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. केस विंचरलेले, गालांवर रंग चढलेला. त्यांच्या मागे, शेजारच्या त्यांच्या घराच्या दोन्ही खिडक्यांत दिवा होता. तिकडे आत कुणीतरी भांडं सरकवलं.

मावशींनी जरा लाजत विचारलं, गिरणीवाल्यांचा एखादा कोरडा शर्ट मिळेल का? घरातले सगळे मी कधीच देऊन टाकले ग. काकू आत गेल्या आणि दोरीवरचा एक शर्ट घेऊन आल्या. विचारू नये ते त्यांनी विचारलंच.

"मावशी... बाकीचे चौघे?"

"गेले असतील की आपापल्या घरी," मावशी म्हणाल्या.

खाली रस्त्यावर शाळेच्या बाजूला कुणीतरी कुणाचं तरी दार ठोठावत होतं. दार उघडल्याचं ऐकू आलं, आणि मग काहीच नाही.

मावशींनी शर्ट दिव्याच्या उजेडात धरून खांद्यापाशी वितीने मोजला. मग मान हलवून तो काकूंच्या हातात परत दिला.

"हा फार सैल होईल," त्या म्हणाल्या. "तो अजून सव्वीसचाच आहे. जावईबापूंचा असेल का एखादा?"