वगळायची यादी

प्रयोगशाळेत तिला सगळे पोस्टमास्तरीण म्हणत. काम तसंच होतं. जुन्या हाडा-दातांतल्या प्रथिनांचे तुकडे यंत्र अक्षरांच्या माळांसारखे वाचून द्यायचं, आणि त्या माळा जगभरच्या जीवांच्या जनुकांशी ताडून कुठली कुणाची हे ती संगणकावर शोधायची. यंत्र सांभाळायचा तिचा नवरा. माणूस म्हटला की शिंक आली, कोंडा आला, तो नमुन्यात मिसळणारच, म्हणून दोघांचीही जनुकं वगळायच्या यादीत होती. त्यांच्याशी जुळेल ते संगणक आधीच काढून टाकी.

तीनदा पोटातच बाळ गेल्यावर हे चौथं टिकलं होतं. पाचवा महिना. दुधानं तोंड पोळलेली ती आता ताकही फुंकून पीत होती.

त्या दुपारी एका जुन्या दाताचा निकाल आला. जवळजवळ सगळं वगळलं गेलं होतं. उरला एकच तुकडा.

"शिंकलास ना त्यावर?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"मी एकटाच? बघ जरा, अर्धं तुझंच आहे."

ती हसली. उरलेला तुकडा मात्र हसण्यावारी नेता येईना. माळ तिच्यासारखीच, फक्त एक अक्षर वेगळं. जगातल्या एकाही नोंदीत ते नव्हतं. तिनं तीनदा शोधून पाहिलं.

चारच्या सुमारास डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "बाळाचा अहवाल छान आहे. जनुकांत एक बदल दिसतोय, तुम्हा दोघांतही नाही तो. पण निरुपद्रवी आहे, काळजी करू नका."

तिनं बदलाची नेमकी जागा विचारली. मग अक्षर विचारलं.

तेच होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

शोध संपेपर्यंत नमुन्याच्या माहितीचं पाकीट फोडायचं नाही, असा तिथला नियम होता. तिनं ते फोडलं.

नऊ हजार वर्षांपूर्वीचा. दुधाचा दात. पडलेला नव्हे, जबड्यातलाच. मुलाचं वय अंदाजे सहा.

सहाच? तिला भीती वाटली, आणि भीतीहूनही जास्त माया दाटून आली. तिनं पोटावर हात ठेवला.

नवरा दारात उभा होता.

"अगं, खोदणाऱ्यांनी त्याच खड्ड्यातला दुसरा दात पाठवलाय. पोराला कवटाळून एक बाई पडली होती म्हणे, तिचा. आत्ताच निकाल आला."

"मग?"

"काहीच उरलं नाही. सगळंच वगळलं गेलं."