जोडीच्या शर्यतीचा कागद

त्या दोघांना मी पहिल्यांदा एकत्र पाहिलं ते चेरीच्या बागांपाशी, वळणावर. आणि तेही माझ्या सायकलची चेन निसटलेली असताना! हात काळेकुट्ट, केस कपाळाला चिकटलेले... आणि समोरून एर्मेस येत होता. एकटा नव्हता. त्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ खेटून एक मुलगी येत होती. पांढरी जर्सी, पांढरे मोजे, सायकलसुद्धा पांढरी. एवढा चढ चढून आली तरी केसांची एक बट इकडची तिकडे झालेली नव्हती. अशा मुली मला मुळातच आवडत नाहीत.

"निवेस! काय झालं?" एर्मेसने ब्रेक दाबले.

"काही नाही. बसलेय गंमत म्हणून."

"ही कोस्तान्झा. मिलानहून आलीय, पंधरा दिवसांसाठी. हॉटेलच्या पाहुण्यांना मी सध्या रस्ते दाखवतोय ना..."

"दाखव की. रस्ते काय माझे आहेत?"

कोस्तान्झाने खिशातून रुमाल काढून पुढे केला. "घे ना, हात पूस."

"नको. मला काळेच आवडतात."

ती हसली. तिचं हसणंही छान होतं, मेलीचं! एर्मेस चेन बसवायला खाली वाकला, पण मी त्याला हात लावू दिला नाही. तो सायकली दुरुस्त करतो म्हणून काय झालं, चेन मलाही बसवता येते. मग ते दोघं निघाले, आणि मी थोडं अंतर ठेवून त्यांच्या मागे गेले. हो, गेले! खोटं कशाला बोलू?

आमच्याकडे दोघं जण सायकलवर निघाले की पुढचा वारा खातो आणि मागच्याला आडोसा मिळतो. थोड्या वेळाने पुढचा आपलं कोपर जरासं हलवतो. म्हणजे, ये पुढे, आता तुझी पाळी. एर्मेस आणि मी तीन वसंत एकत्र सायकल चालवतोय. ग्राप्पा डोंगराच्या पायथ्याचा एकही आडरस्ता आम्ही सोडलेला नाही. आणि या तीन वर्षांत त्याने मला दर किलोमीटरला कोपर हलवलंय. नदीकाठच्या सरळ रस्त्यावर, समोरून वारा झोडपत असताना हलवलंय. मला सर्दी झालेली असताना हलवलंय.

आणि हिला? पुलापासून चर्चपर्यंत चार किलोमीटर मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. त्याचं कोपर तसूभरही हललं नाही! आख्खा वारा एकटा खात, तिला पाठीशी घेऊन, तो तिला अलगद नेत होता. कधी मागे वळून "ठीक आहे ना?" असंही विचारत होता. मला त्याने हे आजवर कधी विचारलेलं नाही.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्यात नेमका जून तोंडावर आलेला. जूनच्या दुसऱ्या रविवारी आमच्या गावात, कोलमारात, जोडीची शर्यत असते. एक बाई, एक पुरुष, बावीस किलोमीटर, आणि दोघांतला मागचा पोचेल तेव्हाच घड्याळ थांबतं. नावांचा कागद बेपिना मावशीच्या बारमध्ये, कॉफीच्या मशीनशेजारी लावतात. ज्याने त्याने आपलं नाव आपल्या हातानेच लिहायचं, हा नियम. एका बेकरीवाल्याने म्हणे एकदा पोस्टातल्या मुलीचं नाव तिला न विचारता आपल्या शेजारी लिहून टाकलं, तर तिच्या भावांनी त्याची सायकल कारंज्यात बुडवली. तेव्हापासून हा नियम झाला.

गाव तो कागद पाद्र्याच्या सूचनांपेक्षा मन लावून वाचतं. शर्यतीत कोण जिंकेल याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसतं. कुणाच्या शेजारी कुणाचं नाव आलं, ते बघायचं असतं. दोन नावं शेजारी आली की आत्या-मावश्या लगेच लग्नाच्या चादरींवर भरतकाम काढायला घेतात!

गेली दोन वर्षं एर्मेस आपल्या बहिणीबरोबर, मिर्काबरोबर, शर्यतीत उतरला. यंदा तिला सातवा महिना लागलाय. म्हणजे यंदा... हिवाळ्यापासून मी मनातल्या मनात वाट पाहत होते. तो विचारेल. आज विचारेल, रविवारी विचारेल, पंक्चर काढता काढता सहज विचारेल. त्याने विचारलं नाही. आणि मग ही पांढऱ्या मोज्यांची आली.

मी बेपिना मावशीच्या बारमध्ये जाणंच बंद केलं. त्या कागदावर त्याचं आणि तिचं नाव शेजारी शेजारी वाचण्यापेक्षा घरची पांचट कॉफी बरी.

"कागद पाहिलास का गं?" आईने सोमवारी विचारलं.

"नाही."

"बघून तरी ये."

"आई, मला त्या कागदात काडीचा रस नाही!"

"बरं बाई," आई म्हणाली आणि शतावरीच्या पांढऱ्या कांड्या सोलत बसली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं, पण मला तेव्हा दुसऱ्याच्या ओठांकडे पाहायला सवड नव्हती.

बुधवारी एर्मेस आमच्या घरच्या डेअरीत आला. मी काउंटरमागे होते, पांढरा एप्रन, डोक्याला जाळी. कोस्तान्झासमोर उभं करायला मी अगदी योग्य ध्यान दिसत असणार.

"अर्धा किलो दे," तो म्हणाला. "मऊ असलेलं. डोंगरावर खायला."

"पाहुण्यांसाठी?"

"हो. कोस्तान्झाला आपलं चीज फार आवडलं."

"तिला इथलं बरंच काही आवडलेलं दिसतंय."

मी चीज कापत होते, जरा जास्तच जोरात.

"निवेस... शनिवारी दुपारी बारापर्यंत नावं द्यायची आहेत."

"मग दे की."

"मी दिलंय."

माझी सुरी थांबली. "छान! अभिनंदन."

"तू... कागद पाहिलास का?"

"मला वेळ नाही. आत दूध नासतंय."

दूध अजिबात नासत नव्हतं. तो पुडकं हातात धरून क्षणभर तिथेच उभा राहिला... काहीतरी बोलणार असं वाटलं. मग गेला. मी आत जाऊन चांगल्या दुधाकडे बघत रडले.

शनिवारी सकाळी मी एकटीच निघाले. म्हटलं, वर झऱ्यापर्यंत जाऊ, बारा वाजून जाऊ देत, मग खाली येऊ. निदान ती घटका तरी डोळ्यांसमोर नको. चेस्टनटच्या जंगलातून रस्ता वर जातो. गाडीघोडं काही नाही, फक्त ऊन-सावली आणि आपलाच श्वास. तिसऱ्या वळणावर वर पाहिलं, तर पुढे तेच दोघं! तो वारा कापतोय, ती मागे आडोशाला. कोपर? छे!

मी गिअर टाकला. कुठून बळ आलं कोण जाणे. दोघांच्या शेजारून मी अशी गेले की एर्मेस दचकलाच.

"निवेस! अगं थांब!"

मी थांबले ती थेट झऱ्यापाशी. पाठोपाठ ते दोघं आले, धापा टाकत.

"इतकी कसली घाई?" एर्मेस म्हणाला.

"मागे कुणाला सांभाळायचं नसलं की माणूस लवकर पोचतो."

"म्हणजे?"

आणि मग माझा ताबा सुटला. ती समोर आहे, हेही विसरले. "म्हणजे काय म्हणजे! तीन वर्षं मला कोपर हलवतोस! मी शिंकत होते तेव्हासुद्धा हलवलंस. आणि हिला बघ, फुलासारखी नेतोस! हिला वारा लागला तर ती काय विरघळणार आहे?"

एर्मेसने प्यायला घेतलेलं ओंजळीतलं पाणी सोडून दिलं. त्याच्या हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

"अगं, ती पाहुणी आहे! पाहुण्याला वाऱ्यात कोण पुढे पाठवतं? मला पगार कशाचा मिळतो?"

"आणि मी?"

"तू?... पहिल्या वर्षी मी तुला कोपर हलवलं नव्हतं. आठवतं? शेजारी येऊन काय म्हणालीस?"

आठवत होतं. चांगलंच आठवत होतं. 'मी काय बटाट्यांचं पोतं आहे वाहून न्यायला?' असं मी ओरडले होते. आता मात्र मी झऱ्याकडे पाहू लागले.

"मला वाटलं होतं, तुला बरोबरीनं चालायला आवडतं," तो हळूच म्हणाला. "मला तर तेच आवडतं. मागून तुझा श्वास ऐकू आला की मग... पुढे कितीही वारा असू दे."

कोस्तान्झाने हेल्मेट काढलं. तिचे केस आता सगळे विस्कटले होते आणि तोंड लालबुंद झालं होतं.

"एक सांगू? मी याला दोनदा विचारलं, जोडीला येतोस का. म्हणाला, शेजारची जागा दिलेली आहे. मी म्हटलं, अरे, मी पाहिलाय कागद, ती तर रिकामी आहे! तर म्हणतो, तिला वेळ नाही. तिच्याकडे दूध नासतंय."

माझे कान एकदम गरम झाले. "तू... एकट्याचंच नाव लिहिलंस?"

"तुझं मी लिहू शकत नाही ना. नियम आहे."

"मग विचारायला काय झालं होतं तोंडाला?"

"विचारायलाच आलो होतो. तुझ्या हातात सुरी होती, निवेस."

कोस्तान्झा हसत सुटली. "अकरा चाळीस झालेत," ती घड्याळ दाखवत म्हणाली. "माझी काळजी करू नका, रस्ता मला पाठ झालाय. पळा!"

अकरा किलोमीटर. उतारावर आम्ही बोललो नाही. खाली नदीकाठी वारा समोरून आला आणि एर्मेसने कोपर हलवलं. मी पुढे गेले. मग मी हलवलं, तो पुढे आला. डोळ्यांत पाणी येत होतं, ते वाऱ्याचंच असं मी स्वतःला सांगत होते.

आम्ही बारमध्ये घुसलो तेव्हा चर्चची घंटा सुरू झाली होती आणि बेपिना मावशी कागद काढायला स्टुलावर चढली होती.

"थांब मावशी!"

"आलीस एकदाची! घंटा संपेपर्यंत वेळ आहे. लिही."

एर्मेस ब्रोत्तो. आणि शेजारी कोरी जागा. घाईघाईत माझं नाव पहिलीतल्या पोरीने लिहावं तसं आलं. पण आलं.

"आठ दिवस," मावशी स्टुलावरूनच सगळ्या बारला ऐकवू लागली, "रोज सकाळी आपलं सायकलचं दुकान उघडायच्या आधी येतो, कॉफी मागतो, हा कागद बघतो, आणि कॉफी तशीच टाकून जातो. आठही दिवस मी मोरीत ओतली!"

एर्मेस आपल्या बुटांकडे बघत होता. कान लाल. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ऐक. मी फार जळले. पंधरा दिवस नुसती जळले. आणि शर्यतीसाठी नाही जळले... तू मला हवा आहेस म्हणून जळले. शर्यत संपल्यावरही. रोजचाच."

त्याने मान वर केली. "मीपण जळत होतो."

"तू? तू कशाला?"

"रोज इथे येताना वाटायचं, आज कागदावर तुझं नाव असेल, पण खाली कुठेतरी... त्या जनावरांच्या डॉक्टरच्या शेजारी."

"डॉक्टर? अरे, तो गाई तपासायला येतो!"

"गाई गोठ्यात असतात, निवेस. तो चीजच्या काउंटरपाशी काय तपासतो?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. भुवया आवळलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. अगदी मनापासून जळत होता, बिचारा! माझ्यासाठी! आयुष्यात इतकं गोड मला कुणी काही बोललं नव्हतं. मी त्याची घामेजलेली जर्सी धरून त्याला जवळ ओढलं आणि सगळ्यांदेखत त्याचं चुंबन घेतलं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्यांनी हातातले पत्ते खाली ठेवले.

सोमवारपासून डॉक्टरला चीज आई देते.